वैजूने मागितलं होतं

वैजू गेल्याची बातमी तिच्या नणंदेने फोनवर दिली आणि त्याच दमात कारणही देऊन टाकलं. "वहिनी गेली हो मीनाताई. सकाळी कपडे वाळत घालताना कोसळली. डॉक्टर हार्ट म्हणतात, पण तुमच्याबरोबर त्या कोरियन बारमध्ये जेवून आल्यापासून ती बरी नव्हतीच." मी कंपनीच्या गेटवर उभी होते, हातात मालाची चलनं होती. तिने 'बार' हा शब्द कसा उच्चारला ते अजून माझ्या कानात आहे. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या तिच्या घरी पोचले तेव्हा जमलेल्या बायका हळू आवाजात तेच बोलत होत्या. आणि तेराव्याला त्याच बायका, हार घातलेल्या फोटोसमोर, म्हणत होत्या की वैजूने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. एकाच बाईला त्यांनी तेरा दिवसांत खादाडही ठरवलं आणि संतही... आणि मग गोडाचं जेवण वाढायला घेतलं.

वैजू चांगली मागणारी बाई होती. तीस वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या टायपिंग क्लासमध्ये मी, वैजू आणि कविता एका रांगेत बसायचो. पहिल्याच दिवशी वैजूने सरांना सांगितलं की या मशीनची एक कळ अडकते, मला दुसरं द्या, आणि ते घेऊनच ती बसली. कविता सिंधी, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते आता तीच चालवते. ती वैजूला म्हणायची, "तू माझ्या गल्ल्यावर बस, एक गिऱ्हाईक उधार मागणार नाही." गार झालेली पावभाजी वैजू परत पाठवायची. रिक्षात चौथं माणूस कोंबलं की उतरून भांडायची. घरी मात्र तिचं मागणं भिंतीवर आपटून परत यायचं. त्याला न मागणं म्हणत नाहीत.

गेलं वर्षभर ती भाजी निवडताना फोनवर कोरियन मालिका बघायची, हिंदीत डब केलेल्या. चिखलोलीच्या पुढे, रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर कोरियन बार अँड रेस्टॉरंट उघडलं तेव्हापासून तिने आमच्यामागे धोशा लावला. टेबलातच शेगडी असते, आपलं आपण भाजून खायचं. तिने घरी चॉपस्टिक म्हणून दोन काड्या घेऊन मोड आलेली मटकी उचलायचा सरावसुद्धा केला होता. शेवटी एका रविवारी दुपारी आम्ही तिघी गेलो. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबली. कठडा धरून म्हणाली, "थांबा गं. जबडा दुखतोय माझा."

मी म्हणाले, "बदलापूरपासून एक मिनिट तोंड मिटलं नाहीस. दुखणारच."

"डायलॉग कम कर, वैजू," कविता म्हणाली. वैजू हसली. तिला धाप लागली होती, तरी हसली.

वर गेल्यावर ती राणीसारखी वागली. वाढणारी मुलगी ईशान्येकडची होती. ती चिमटा घेऊन चिकन भाजायला लागली, तर वैजूने तिच्या हातातून तो काढून घेतला. "बेटा, घर पे भी मैं ही पकाती हूँ, पर यहाँ मेरा मन है." मग तिने बीअर मागवली. कविता म्हणाली, "घरी कळलं तर?" वैजू म्हणाली, "कळू दे. दर शनिवारी बाटली ते उघडतात आणि ग्लास मी धुते. आज मी उघडते, धुवायला दुसरं कोणीतरी आहे." तिने आम्हाला नियम शिकवला, की आपला ग्लास आपण भरायचा नाही, दुसरीचा रिकामा झाला की आपण भरायचा, तोही दोन्ही हातांनी. तिचा ग्लास मी दोनदा भरला. ती सारखी रुमालाने मान पुसत होती. मी म्हणाले, शेगडीपासून लांब बस.

तेराव्याला पंगत उठल्यावर तिची मुलगी रुचा मला गॅलरीत घेऊन गेली. ती पुण्याला नोकरी करते. म्हणाली, "मावशी, आईने बाबांना सांगितलं होतं, एकदा ईसीजी काढून येऊ. बाबा म्हणाले, बारमध्ये खाऊन आलीस, पित्त झालंय, लंघन कर. हे आईनेच मला फोनवर सांगितलं... तिथे त्या दिवशी काही झालं होतं का?"

आत तिचे बाबा पाहुण्यांना निरोप देत होते. त्या क्षणी मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. बायकोने एक कागदाची पट्टी मागितली होती. स्टेशनजवळ जाऊन अर्ध्या तासात मिळाली असती. पण रुचाने मला प्रश्न विचारला होता, आणि 'काही नाही' म्हटलं असतं तर सगळा दोष त्यांच्यावर ठेवून मी मोकळी झाले असते. मी तिला जिन्यातलं सांगितलं. जबडा, धाप, घाम... आणि माझा विनोद. हेही सांगितलं की दरवर्षी सेफ्टी वीकला आमच्या कारखान्यात हार्ट अटॅकची लक्षणं मीच कामगारांना वाचून दाखवते. जबडा त्या यादीत आहे. घाम आहे. मला ती यादी पाठ आहे.

रुचा म्हणाली, "मीही फोनवर पित्तच म्हटलं होतं, मावशी."

मी तिची समजूत घातली नाही. तिनेही माझी घातली नाही.

निघताना तिने स्वयंपाकघरातून एक काचेची बरणी आणून माझ्या पिशवीत ठेवली. हॉटेलातून आल्यावर तिसऱ्या दिवशी, सगळे लंघन कर म्हणत असताना, वैजूने घरी किमची, म्हणजे कोरियन लोणचं, घातली होती. आपला साधा कोबी, बेडगी मिरची, आलं, लसूण. झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्या अक्षरात 'दहा दिवस कोणीही उघडू नये.' नणंद ती कचऱ्यात टाकायला निघाली होती. रुचाने लपवून ठेवली.

बरणी माझ्या फ्रीजमध्ये आहे. उघडली की घरभर वास सुटतो, आमचे हे नाक दाबून बाहेर जातात. मीठ जास्त झालंय. वैजूला हे सांगितलं असतं तर तिने मान्य केलं नसतं, कोबीवर ढकललं असतं. मी रोज जेवताना थोडी घेते. परवा नणंदेचा फोन आला, रुचाच्या कागदपत्रांचं काहीतरी विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "रुचा म्हणत होती, वहिनीचं ते तुम्ही नेलंत. अजून ठेवलंय? टाकून द्या हो ते. त्यानेच घात केला तिचा."

मी म्हणाले, "तीन आठवडे रोज खातेय. मला काहीही झालेलं नाही."