बुधरीची आणेवारी

देवराव रामटेके कुरखेड्याकडच्या जंगलातला मलेरियावाला. टोल्याटोल्यावर, म्हणजे वस्तीवस्तीवर जायचा, बोटाला सुई टोचायचा, थेंबभर रक्त काचेवर घ्यायचा. रक्तावर त्याचा विश्वास, नावावर नव्हता. बुधवारी जन्मली ती बुधरी, शुक्रवारी जन्मली ती सुकरी. मग एका टोल्यावर बुधऱ्या किती, याचा काही नेम? नवऱ्याचं नाव विचारावं तर बाया तोंडात पदर कोंबून हसायच्या. म्हणून तो नावापुढं आणे लिहायचा. सोळा आणे खात्री क्वचितच.

एका टोल्यावरचा दसरू चिडवायचा, "धानाची आनेवारी आयकली होती देवरावभाऊ, बायकोची नोती आयकली!"

चौऱ्याऐंशी साली नव्या धानाच्या सणाला दसरूचा टोला पाहुण्यांनी भरला होता, तेव्हा देवरावनं रक्त घेतलं. निकाल आला: बुधरी, मेंदूत चढणारा मलेरिया. टोल्यावर बुधऱ्या तीन. तिघींनाही गोळ्या दिल्या असत्या. पण त्यातली एक, दसरूची बायको, पोटुशी, आणि ही कडक गोळी पोटातल्या लेकराला भोवते.

साहेब नाकातून म्हणाले, "रामटेके, शासनाला आणे नकोत. एक नाव लिहा, गोळ्या द्या, विषय संपवा."

देवरावनं तिघींना समोर बसवलं. म्हातारी बुधरी, तीन आणे. वारलूची सून ठणठणीत, दोन. पण त्या गर्दीत एक बोट तव्यासारखं तापलेलं होतं आणि मागून कुणीतरी 'दसरूची' म्हणालं होतं, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. दसरूच्या बायकोला दहा.

"पंधराच झाले," दसरू म्हणाला. "एक आना कुठी गेला भाऊ? खाल्ला का?"

"जे आपल्याले माईत नाई, त्या बुधरीचा," देवराव म्हणाला.

दसरूची बायको फिसकन हसली. "मंग माह्या ननंदेचा असन! ते बी बुधरी, ते बी दसरूचीच. सनाले आली होती, माह्या मांगं उभी होती. मामाच्या गावी थंडीनं कापून राह्यली म्हने."

"काऊन नाई सांगितलं बाई?"

"तुमी पुसलं का? तुमी त कोनाची, कोनाची करत होते!"

दसरू कान खाजवत राहिला. सख्खी बहीण त्याच्या मोजणीतच नव्हती.

देवरावनं सायकल हाणली. मामाच्या घरी बाजेवर घोंगडीत ती कुडकुडत होती. त्यानं पुन्हा बोट टोचलं आणि गोळी काढण्याआधी विचारलं, "बाई, पोटुशी त नाई ना?"

"आधी नवरा त पाहून द्या भाऊ!" घोंगडीतून आवाज आला.

देवरावनं तिच्यापुढं चौदा आणे लिहिले, दोन नव्या काचेच्या निकालासाठी राखले आणि गोळी तिच्या हातावर ठेवली.