कंबरेचे सात दिवस

तेलकट हातातनं वाटी निसटती, फोन निसटतोय, किस्सा तेवढा चिकटून बसतोय. लोहाऱ्यात वैद्य मॅडमच्या दवाखान्यात म्या बायांना मालिश करते. नववीतच शाळा सुटली, खोड्या न्हाय सुटल्या!

वाफेच्या पेटीत बाई बसवायची, मुंडकं तेवढं बाहेर. एका काकूला म्या म्हणलं, "काकू, मॅडम किल्ली घेऊन तुळजापूरला गेल्या!" पेटीला कुलूपच न्हाय. काकूनं लाथ घालून दार उघडलं आन् टॉवेल सावरत मलाच हुडकत फिरली!

तोंडाला लेप लावला की सुकस्तोवर बोलायचं न्हाय. एकदा आमच्या गणिताच्या बाई आल्या. म्या लेप लावला आन् पाढा सुरू केला, "नऊ साते बासष्ट!" बाईंचे डोळे मोठे. "नऊ आठे सत्तर!" लेप तडकला. "बहात्तर, गाढवे!"

मग जवळच्या खेड्यातली सोनाआजी आली. कंबरेला सात दिवस कटीबस्ती. पाठीवर उडदाच्या कणकेचं पाळं करायचं, त्यात कोमट तेल ओतायचं, अर्धा तास पालथं पडायचं.

म्या थाप मारली, "आजी, झोप लागली तर तेल सांडतंय. बोलत ऱ्हावा!" मम्मी पुण्यात मेसवर सैपाकाला, पप्पा ट्रकवर. घरी मला कोण बोलतंय? आजीनं शेळीपासून सुनंपर्यंत समदं सांगितलं. तास झाला तरी म्या उठवलं न्हाय.

मॅडम आल्या. "अगं, तेल गार पडलं की!"

आजी खालनंच म्हणली, "पडू द्या. ह्या पोरीचं ऐकायचं ऱ्हायलंय अजून."

सहाव्या दिवशी तेल पुसून झाल्यावर म्या वरडले, "आजी, गावची जीप सुटली!" आजी टुणकन उठून फाटकापर्यंत पळाली! मागं फिरली आन् माझा हात धरला.

"मॅडमला सांगू नगंस. बरी झाले म्हणून बंद करत्याल."

"बरंच की मग!"

"घरी कोण हाय गं? लेक फोन करतोय रोज. फोन पाठ चोळतोय व्हय?"

म्या तिला आत नेलं आन् पुन्हा पाठ चोळाय घेतली.

सातव्या दिवशी मॅडमनी कंबर तपासली. "आजी, एकदम बऱ्या झालात. आता यायची गरज न्हाय." आजीनं मान हलवली, पिशवी उचलली आन् गेली.

दुसऱ्या दिवशी धा वाजता आजी दारात हजर!

मॅडमनी इचारलं, "आता काय, आजी?"

"खांदा."

"कुठला?"

आजीनं माझ्याकडं बघितलं. मॅडमच्या पाठीमागनं म्या माझा डावा खांदा धरून दावला.

"डावा."

मॅडमनी अंगठ्यानं दाबलं. "इथं दुखतंय?"

आजीला खोटं काय जमंना.

"आयऽऽ गंऽऽ!" म्याच वरडले.