बाबांच्या जाळ्यातले भोकाचे पैसे

मंडळी, माझ्यामागे माझी नाणी कोणाला द्यायची, याची यादी आज सकाळी करत बसलो होतो.

नव्वदीच्या आईनं भोकाच्या पैशांवर बोट ठेवलं. "हे तं तुह्या बाबाच्या जाळ्याचे."

खरंच होतं. पन्नासच्या दशकात नवा पैसा आला आणि हे बाजारात कोणी घेईना, तेव्हा बाबांनी ते मासोळीच्या जाळ्याला वजन म्हणून ओवले. बाबा गेल्यावर मीच ते कापून काढले.

"जपून ठेवले ना, आई."

"जाळं मंग बुडेच नाई. तुह्या भावानं खुटीले टांगून देलं."

यादीत त्या पैशांपुढे भावाचं नाव लिहिलं. मग वाटलं, माझ्या मरणाची वाट त्यानं काऊन पाहायची?

पैसे खिशात घेऊन भावाच्या गावाला, मूलला जाणाऱ्या बसमध्ये बसलोय. तुमच्या कपाटात असं कामातून काढून जपलेलं काय आहे?