पावणेतीन सूत

सूतमिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी बसायचे नाहीत. डावा डोळा मिटून भिंतीवरच्या तसबिरींकडे बघायचे, कललेली असेल ती बोटाच्या टोकानं सरळ करायचे, आणि मगच "हं, आना पानी" म्हणून खाटेवर टेकायचे. लग्नात सगळा गाव नवरीकडे बघत असायचा, हे मांडवाचा खांब बघायचे. एकदा आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण रंगात आलं असताना उठले आणि त्यांच्या डोक्यामागचा फलक सरळ करून परत जागेवर येऊन बसले. मुख्याध्यापक पुढचं वाक्य विसरले. मिस्त्रींना त्याचं काही नाही.

त्यांचा धंदाच तो. गोंदियाच्या राइस मिलींमध्ये मोटर, शाफ्ट आणि पुली एका रेषेत बसवणं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकीचे लोक मीटर-मिलिमीटरवर गेले तरी हे सुतावरच राहिले, म्हणून सूतमिस्त्री. मशीन बसवून झालं की चालू मोटरीच्या पायावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचे. चहा हलला नाही तर तोच कप बशीत ओतून प्यायचे. हलला तर कप बाजूला आणि पाने पुन्हा हातात. "मशीन रडते तं मिस्त्री चुकला," असं ते म्हणायचे. चाळीस वर्षांत त्यांचं एकही काम परत आलं नव्हतं. त्यांची सगळी कमाई म्हणजे हे एवढं नाव.

मी बिरसीच्या विमानतळाकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. धावपट्टीवर उतरणारं विमान दिसलं की वर्गातली पोरं खिडकीकडे आणि त्यांच्याआधी मी! शेवटी हौस अंगात शिरली आणि मी नागपुराहून रिमोटवर उडणारं विमान आणलं. लाकडी सांगाडा, पाच फुटांचे पंख, आणि नाकावर लिंबाएवढं इंजिन. घरात बायकोनं नाक मुरडलं, कारण त्या इंधनाला एरंडेलाचा वास. दोन-चारदा उडवल्यावर इंजिनाचे बोल्ट ढिले पडू लागले. ते घट्ट करायला मी विमानच उचलून मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी नाकावरच्या इंजिनाखाली तळहात धरला आणि चिमणीचं पिल्लू उचलावं तसं ते डोळ्यांजवळ नेलं. "याले बी पिष्टन हाये?" त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की मला उगाचच अभिमान वाटला. रविवारी शाळेच्या मैदानावर पाहुण्यांसमोर उडवायचं आहे, तेवढे बोल्ट पक्के करून द्या, एवढंच मी बोललो आणि निघालो. माझी पहिली चूक इथे झाली.

कारण त्या विमानात इंजिन मुद्दाम वाकडं बसवलेलं होतं. इंजिनावरचा पंखा फिरतो तेव्हा विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. म्हणून इंजिनाचं तोंड आधीच किंचित उजवीकडे वळवून ठेवतात. त्यासाठी डावीकडच्या दोन बोल्टांवर, लाकडी फळी आणि इंजिनाच्या बैठकीच्या मधे, पातळ वायसर घातलेले होते. हे मला माहीत होतं. मिस्त्रींना कोण सांगणार?

त्यांनी शेपटीच्या मध्याला दोरा बांधला, पंखा आडवा धरला, आणि दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजलं. फरक निघाला. आता चाळीस वर्षं शाफ्ट सरळ करणाऱ्या माणसाला विमानाच्या नाकावरचं इंजिन वाकडं दिसलं तर तो काय करेल? मिलीतलं काम बाजूला ठेवून ते दोन दिवस त्या विमानापाशी बसले. वायसर काढले, फळी घासली, आणि इंजिन केसभरही इकडेतिकडे नाही असं सरळ बसवलं. मला सांगितलं नाही, कारण मास्तरांना रविवारी आपसूक कळेल आणि ते खूश होतील असं त्यांना वाटलं. हे मला फार नंतर समजलं.

रविवारी मैदानावर गावच लोटलं. मिलीचे दोन मालकही आले होते. उडवण्याआधी विमानाचा बोल्टनबोल्ट तपासायचा असतो, हा नियम मीच मुलांना सांगायचो. पण पाहुणे खोळंबले होते, मी घाईत होतो आणि मी तपासलं नाही. विमान उठलं, उठता उठता डावीकडे झुकलं, मी घाबरून रिमोटची काडी जास्तच ओढली, आणि ते शेजारच्या धानाच्या बांधीत, चिखलाच्या वाफ्यात, नाक खुपसून पडलं. एक पंख मोडला. कोणीतरी हसलं.

मी धावत गेलो, चिखलातलं इंजिन पाहिलं, वायसर नाहीत! डोक्यात तिडीक गेली. मागोमाग मिस्त्री धापा टाकत आले होते. वायसर कोणी काढले म्हणून मी ओरडलो. ते म्हणाले, "म्याच काढले जी गुरुजी. इंजिन तेढं होतं." अजून त्यांच्या आवाजात थोडं कौतुकच होतं. आणि मी सगळ्या गावासमोर, त्या दोन मालकांसमोर, तोंडाला येईल ते बोललो. ही तुमची धानाची मिल नाही, कळत नाही तिथे हात कशाला घालता, तुम्ही विमान पाडलंत. त्यांनी दुपट्ट्यानं इंजिनावरचा चिखल पुसला, विमान माझ्या हातात दिलं आणि सायकल घेऊन निघून गेले.

त्या दिवसापासून सूतमिस्त्री गेले आणि गोंदियात 'जहाज गिरानेवाले मिस्त्री' आले. विमानाला इकडे जहाजच म्हणतात. बाजारात हाक मारायची ती त्याच नावानं. लोक हसून म्हणायचे, त्यात वाईट हेतू नसायचा. पण गंमत गंमत म्हणता मिलीची बोलावणी कमी झाली. एका मालकानं नव्या यंत्रासाठी रायपूरहून माणूस आणला आणि मिस्त्रींना रस्त्यात सांगितलं, "क्या है मिस्त्री, अब उमर हो गई आपकी." मिस्त्री विहिरीवरचे पंप दुरुस्त करू लागले.

महिनाभर मी तोंड लपवलं. मग न राहवून विमानाचा सांगाडा खांद्यावर आणि इंजिन पिशवीत घेऊन त्यांच्या घरी गेलो. टेबलावर कागद पसरून, पंखा नाकाला कसा ओढतो ते सगळं समजावलं. त्यांनी डावा डोळा मिटून ऐकलं. माफी मागायला मी तोंड उघडलं तर त्यांनी मधेच विचारलं, "मंग किती तेढं पायजे?"

"अंदाजे दोन अंश."

"अंश मले समजत नाई. सुतात सांगा."

दहा इंचांचा पंखा, दोन अंश. मी आकडेमोड केली आणि म्हणालो, दोन टोकांच्या अंतरात जवळजवळ तीन सुतांचा फरक. मिस्त्रींचा चेहरा उतरला. "जवळजवळ मंजे? गुरुजी, तेढं ठेवाचं असन तं तेढं बी बराबर पायजे." मला पुन्हा गणित करायला लावलं. पावणेतीन सूत निघाले. मग त्यांनी वायसर फेकून दिले आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीला कानस मारून एक पाचर केली, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागदाएवढी. ती बसवली, दोरा लावला, मोजलं, काढली, पुन्हा कानस मारली. असं सहा वेळा. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मिस्त्रीनबाई म्हणायचो, तीनदा जेवायला बोलावून गेल्या. आम्ही दोघंही उठलो नाही. इतकं सुखाचं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मोडका पंख मी जोडला, विमान त्याच मैदानावरून उडालं आणि रेघ मारावी तसं सरळ गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पाठीवर थापा पडल्या. मिस्त्री मागे उभे होते. तेव्हा दोन वाक्यं बोलायची होती: मागच्या वेळी चूक माझी होती, आणि आज इंजिन यांनी बसवलंय. मनात आलंही होतं. पण मुख्याध्यापक शेजारी होते, आणि मास्तरनं स्वतःची चूक चारचौघांत कशी सांगायची! मी मनाशी म्हटलं, विमान उडालं, त्यातच सगळं आलं. पण लोकांना त्यातलं काहीच समजलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की मास्तरांचं विमान या वेळी उडालं.

पुढची सात वर्षं मिस्त्री माझ्या प्रत्येक विमानाचं इंजिन बसवत राहिले. बोदलकसाच्या तलावावर पाण्यातून उठणारं विमान करू, असं त्यांनीच सुचवलं आणि त्याची पाचरही तयार केली. माझ्याशी ते कधी तुटक वागले नाहीत. बाजारात कोणी 'जहाज गिरानेवाले' म्हटलं की हात जोडून हसायचे आणि पुढे चालायला लागायचे. मी शेजारी असायचो. मीही हसायचो. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

एका उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ते गेले. तेरवीला पंगत बसली होती. रायपूरहून माणूस आणणारा तो मालक माझ्या समोरच होता. चांगला माणूस, हळहळत म्हणाला, "बेचारे. एक जहाज क्या गिरा दिया, नाम ही पड़ गया." आणि मला काय झालं कोण जाणे, मी पत्रावळीवरून हात उचलून मोठ्यानं म्हणालो की ते विमान मिस्त्रींनी नाही, मी पाडलं. वायसर कशासाठी आहेत ते मी सांगितलं नाही, उडवण्याआधी तपासलं नाही, आणि घाबरून काडी ओढली तीही मीच.

मिस्त्रीनबाई वरण घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्यासमोर आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "येवढं बोलाले सात वर्स काऊन लागले जी गुरुजी?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. माझ्या भातावर वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेल्या.