मोहितेकाकांनी अर्धी सोडलेली गोष्ट

मोहितेकाका आज सकाळी गेले. कंपन्यांना ‘स्टोरीटेलिंग’ शिकवून मी जे पोट भरतो, ती विद्या त्यांच्याकडून चोरलेली आहे.

रावपुऱ्यात राहायचे. पादरा रोडवरच्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर.

पॅकिंग शेडवरून जाणारी स्टीमची लाइन झिजली होती. काकांना ती बदलायला दोन दिवस शटडाऊन हवं होतं.

प्रॉडक्शनचे पटेलभाई म्हणायचे, आधी एक्सपोर्टचा माल निघू दे. परचेसचे शाहभाई म्हणायचे, तीन कोटेशन्सशिवाय पाइप येणार नाही.

मग साहेबांनी मला ‘स्टेकहोल्डर अलाइनमेंट’ करायला, म्हणजे सगळ्यांना एका मतावर आणायला बसवलं.

मी बेचाळीस स्लाइड्स केल्या.

अकराव्या स्लाइडला पटेलभाई मोबाइलमध्ये गेले. साहेबांना जांभई आली. काका उठले आणि त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. माझा!

“गुरुवार. दुपारचा एक. लाइनखाली पॅकिंगवाली हंसाबेन डबा उघडते. थेपले आहेत. पटेलभाई, तुम्ही केबिनमधून कस्टमरला सांगताय, माल उद्या निघतो. शाहभाई, तुमच्या टेबलावर दोन कोटेशन्स आहेत, तिसऱ्याची वाट बघताय. साहेब, तुम्ही याच्या स्लाइड्स बघताय. वरून एक गरम थेंब हंसाबेनच्या हातावर पडतो. ती वर बघते.”

आणि काका खाली बसले. चहा ओढून घेतला.

“पछी शुं थयुं?” पटेलभाईंना राहवेना.

“मला काय माहीत? पुढचं तुम्ही सांगा.”

काय सांगू मित्रांनो, पटेलभाईंनी मोबाइल खिशात टाकला.

शाहभाई हळूच म्हणाले, “तिसरं कोटेशन राहू द्या. पाइप उद्या मागवतो.”

पटेलभाई उठलेच. “बायकांना आत्ताच दुसऱ्या शेडमध्ये बसवतो. बुधवारी लाइन बंद. कस्टमरच्या शिव्या मी खाईन.”

साहेबांनी जागेवरच सही केली. माझ्या एकतीस स्लाइड्स आजही कुणी पाहिलेल्या नाहीत.

बुधवारी जुना पाइप कापला. आतून पापडासारखा पातळ. फिटरने अंगठ्याने दाबला, तर अंगठा आत.

मी काकांना विचारलं, “ही कुठली टेक्निक?”

“टेक्निक कसली रे. तुझ्या स्लाइड्समध्ये बाण ढीगभर, माणूस एकही नाही.”

आज त्यांच्या घरी हंसाबेन भेटल्या. आता नातवंडं सांभाळतात. त्यांना त्या मीटिंगचा पत्ताच नव्हता. एवढंच आठवत होतं, की एका सोमवारी अचानक शेड बदलली आणि पंखा नसलेल्या जागी बसवलं म्हणून त्या काकांशी कडाकडा भांडल्या होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. पाइपचंसुद्धा.

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“मी एवढं बोलले, तरी काका हसतच होते,” म्हणाल्या. “एक शब्द नाही बोलले मला.”

काका, तुम्ही नाही सांगितलंत, मी सांगून टाकलं. रागावू नका.

या आता. नमस्कार.