फौजी का थांबला?

खिलाडूवृत्ती ही माणसाच्या रक्तात असावी लागते, ती शिकवून येत नाही. हे वाक्य मी आजवर अनेक व्यासपीठांवरून ऐकले आहे. ते म्हणणाऱ्यांपैकी एकालाही मी कधी काही खेळताना पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्या रक्तात काय आहे हे तपासता आले नाही. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. या विषयाने मला एक सवय लावली आहे. कोणी अचानक चांगला वागला, की मी आधी कारण शोधतो.

आमच्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विट्याकडचे. तिकडच्या माळावर त्यांचे तरुण मंडळ दरवर्षी मोटोक्रॉसच्या शर्यती भरवते. जेसीबीने मातीचे उंचवटे करायचे, टँकरने पाणी मारायचे, वळणांच्या कडेला जुने टायर रचायचे, आणि त्यावरून हौशी पोरांनी मोटरसायकली उडवायच्या. एके दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसले.

"सर, एक दिवस झेंडा धराल का?"

"मला गाड्यांमधलं काही कळत नाही."

"कळणारे लय हायत. पण त्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी मामा न्हाईतर मेव्हणा हाय. तुमचा तिकडं कुणी पावणा न्हाई. तेवढं बास."

इतक्या नेमक्या शब्दांत माझी पात्रता याआधी कोणी सांगितली नव्हती. मी गेलो.

शर्यतीआधी सगळ्या स्वारांना एका रांगेत उभे करून शपथ दिली गेली. नियम पाळीन, पंचांचा मान राखीन, प्रतिस्पर्ध्याला बंधू मानीन. स्वारांनी हेल्मेट घातलेलेच होते. आतून जो आवाज आला तो बंधुभावाचा होता की जेवण कधी आहे याच्या चौकशीचा, हे सांगता येणार नाही. माइकवर होते ते कुंडलकडच्या कुस्ती मैदानांचे निवेदक. त्यांना मोटरसायकली नव्या होत्या, पण आवाज जुनाच होता. "ह्यो बघा, पठ्ठ्या कसा खडाखडीला आलाय!" असे ते एका होंडाबद्दल म्हणाले.

मला दुसऱ्या उंचवट्यापलीकडच्या वळणावर, आतल्या बाजूला उभे केले. काम सोपे होते. कोणी पडला की पिवळा झेंडा हलवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याने वेग कमी करायचा आणि कोणाला मागे टाकायचे नाही. अडचण एवढीच, की या भागात पिवळा रंग भंडाऱ्याचा. सरावाच्या वेळी मी झेंडा हलवून पाहिला तेव्हा समोरच्या गर्दीने मोठ्या आनंदाने येळकोट केला.

शेवटच्या शर्यतीत खरी चुरस दोघांत होती. एकाच्या घरचे दक्षिणेत सोने गाळण्याचे दुकान, म्हणून त्याला सगळे गलाईवाला म्हणत. त्याची गाडी परदेशी, सोबत स्वतःचा मेकॅनिक आणि स्वतःचा तंबू. दुसरा पूर्वेकडच्या दुष्काळी गावातल्या धनगराच्या घरातला, सैन्यात असलेला, सुट्टीवर आलेला. त्याला फौजी म्हणत. त्याची गाडी कोणत्या कंपनीची होती हे कंपनीलाही सांगता आले नसते, इतक्या कंपन्यांचे भाग तिच्यात होते. जिंकणारा एकच जण पुण्याच्या राज्य स्पर्धेला जाणार होता.

शेवटच्या फेरीला गलाईवाला पुढे होता. त्याच्या मागे अगदी जवळ फौजी, आणि बाकीचे पार मागे. गलाईवाल्याने उंचवट्यावरून उडी घेतली, वळणात चाक निसटले आणि तो माझ्यासमोर गाडीखाली आडवा झाला. मी झेंडा हलवला. फौजी वेग कमी करत आला. आता तो बाजूने निघून जाईल, असे मला वाटले. तो थांबला. स्वतःची गाडी चालूच ठेवून टायरांना टेकवली, पडलेली गाडी उचलली, गलाईवाल्याला बखोटीला धरून उभे केले, आणि त्याच्या बंद पडलेल्या गाडीला स्वतः किक मारून ती चालू करून दिली. गलाईवाला तिच्यावर बसून निघून गेला आणि जिंकला. फौजी दुसरा आला.

मग गर्दीतून एक आवाज आला, "नुरा!"

निकाल आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. या भागातल्या माणसाला ती फार लवकर ओळखू येते, कधीकधी ती नसतानाही. पाच मिनिटांत सगळा माळ तेच बोलू लागला.

"स्वतःहून कोण हरतंय व्हय रं गड्या?"

"गलाईवाल्यानं आधीच सांगून ठेवलं असणार."

"आन् किक बी ह्यानंच मारली! येवढं तर सख्खा भाऊ बी करत न्हाई."

हा शेवटचा मुद्दा मला बिनतोड वाटला. मला दोन सख्खे भाऊ आहेत.

मंडळाचे अध्यक्ष कडक इस्त्रीत होते आणि तसेच बोलत. तक्रार आली आहे असे सांगून त्यांनी मंडपामागे बैठक बोलावली. संगनमत ठरले तर दोघेही बाद, आणि या मैदानावर पुन्हा उतरायचे नाही. गलाईवाल्याला त्याने फारसा फरक पडणार नव्हता, तो पुण्यापासून कोइमतूरपर्यंत कुठेही गाडी चालवू शकत होता. फौजीला सुट्टीत गाठता येईल असे मैदान हे एकच होते. शिवाय विकला गेलेला, हा शिक्का गावात कायमचा बसला असता. वळणावर जवळून पाहणारा एकटा मीच होतो, म्हणून मला बोलावणे आले.

मंडपाकडे जाताना वाटेत फौजीचे वडील भेटले. डोक्याला लाल पागोटे, हातात काठी. त्यांनी मला बाजूला घेतले.

"आवं सर, पोरानं खरंच काय घेतलं असंल का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तरी कसं कळावं? पर ह्यो असा थांबणारा न्हाई. ल्हानपणी मेंढरामागं सुटला की बापासाठी बी थांबायचा न्हाई."

मुलाच्या बाजूने आलेली ही एकमेव साक्ष होती आणि ती त्याच्या विरुद्ध होती.

बैठकीत मी पाहिले तेवढे सांगितले.

"त्यांचं काय बोलणं झालं?" अध्यक्षांनी विचारले.

"मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं न्हाई का झालंच न्हाई?"

"दोन गाड्या चालू होत्या. माझ्या कानाजवळ कोणी ओरडलं असतं तरी मला कळलं नसतं."

अध्यक्षांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, तुमचं आजोळ कुठलं?"

"औंधाजवळचं."

"औंधाजवळ म्हंजे कुठं?"

मी गावाचे नाव सांगितले. अध्यक्षांनी शेजारच्याकडे पाहिले, शेजारच्याने मान हलवली. फौजीची एक आत्या त्याच गावात दिली होती. आत्याच्या घरापासून माझ्या मामाचे घर किती लांब, यावर पुढची चर्चा झाली. मी त्या गावात शेवटचा गेलो तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो, हे माझे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. क्रीडाशिक्षक कपाळाला हात लावून बसले. बिनपावण्याचा म्हणून त्यांनी सांगलीहून आणलेला माणूसही शेवटी पावणाच निघाला होता.

खरे सांगायचे तर त्यांच्या संशयाचा मला राग आला नाही. मलाही तोच संशय होता. हेल्मेटमधून दिसला तेवढा फौजीचा चेहरा मी जवळून पाहिला होता आणि त्यावर बंधुभाव म्हणावा असे काही दिसले नव्हते. गाडी उचलताना त्याच्या तोंडून जे शब्द गेले ते मला ऐकू आले नसले, तरी डोळ्यांवरून ते शपथेतले नसावेत.

दोघांनाही बाद करायचे, असे ठरत आले होते. इतक्यात मंडपात माइकचा आवाज झाला. प्रमुख पाहुणे उशिरा पोचले होते, आणि गाडीतून उतरता उतरता कोणीतरी त्यांना घडलेली अर्धी गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी ऐकण्याआधीच ते बोलायला उभे राहिले.

"आजच्या काळात," ते म्हणाले, "जिथं भाऊ भावाला विचारत नाही, तिथं आपल्या या मातीतला एक जवान पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी थांबतो! सीमेवरही तोच उभा, आणि माणुसकीच्या सीमेवरही तोच उभा!"

टाळ्या पडल्या. थोड्या वेळापूर्वी नुरा म्हणून ओरडलेला माणूस मला गर्दीत दिसला, तोही वाजवत होता. पाहुण्यांनी उत्कृष्ट खिलाडूवृत्तीचा विशेष सन्मान जाहीर केला. असा सन्मान असल्याचे मंडळाला तेव्हाच कळले.

मंडपामागे अध्यक्षांचा निकाल अडला. ज्याला पाहुण्यांनी माणुसकीच्या सीमेवर उभे केले, त्याला मैदानाबाहेर काढणे अवघड होते. आणि त्याला ठेवायचे तर गलाईवाल्यालाही ठेवणे भाग, कारण संगनमत एकट्याने करता येत नाही. "तक्रार मागं घेतली असं धरा," अध्यक्ष म्हणाले. मागील वर्षीची एक ढाल शिल्लक होती, तिच्यावर 'उत्कृष्ट वक्ता' असे कोरलेले होते. त्यावर कागद चिकटवून ती फौजीच्या हातात देण्यात आली. निवेदकांचा गळा दाटून आला. कुस्तीत तो त्यांना रोजच दाटून आणावा लागत असणार.

चौकशी अशी सन्मानाने संपली, पण खरे काय ते कोणालाच कळले नाही. मला ते तसेच सोडवेना. फौजी बापाबरोबर टेम्पोत गाडी चढवत होता, तिथे मी गेलो.

"एक विचारू? तुमचं त्याच्याशी आधी काही ठरलं होतं का?"

त्याने दोरी आवळता आवळता माझ्याकडे पाहिले. "सर, मघापास्नं समदी हेच इचारत्यात. किती घेतलं, कुणी दिलं, कोण पावणा लागतोय. का थांबलास, असं अजून कुणी इचारलं न्हाई."

"मग का थांबलात?"

"त्याची गाडी आडवी पडली हुती. येका बाजूला टायर, दुसऱ्या बाजूला तुमी झेंडा घिऊन उबा. जायचं कुटनं?"

"मग नुसती बाजूला ओढायची."

"ओढून ठिवू कुठं? तुमच्या अंगावर?"

"पण किक?"

"बंद गाडी ढकलायला लय जड असती, सर. चालू करून दिली की आपली आपण जाती."

म्हातारा पहिल्यांदा हसला. "म्हनलं न्हवतं?" तो मला म्हणाला. "ह्यो थांबणारा न्हाई."

ढाल टेम्पोच्या पुढच्या काचेशी ठेवून ते दोघे निघून गेले.

पुढच्या वर्षी मंडळाने ते वळण रुंद करून घेतले. त्यानंतर तिथे पुष्कळ जण पडले. कोणासाठी कोणी थांबल्याचे माझ्या पाहण्यात नाही.