करडीच्या बांधीतले यहुदी

भंडारा जिल्ह्यात त्या काळी दीड यहुदी राहत होते. एक आमचे बाबा आणि अर्धा मी. (आई होती तोवर आम्ही अडीच होतो. ती अलिबागला माहेरी गेली आणि तिकडच्याच मातीत राहिली.)

बाबा मँगनीजच्या खाणीवर स्टोअरकीपर. शनिवारी चूल पेटवायची नाही, शुक्रवारचं गार जेवायचं, टोपी घालून प्रार्थना म्हणायची, हे त्यांनी तीस वर्षं नेमानं चालवलं. त्यातलं मला गार वांगं तेवढं ठाऊक होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. लिहिता येतं म्हणून काहीही लिहायचे ते दिवस! मी गावातल्या साप्ताहिकात बातमीदार होतो. लोक मला जन्मभर विचारत आलेले, "यहुदी म्हंजे काय बे? मुसलमान का किरिस्ताव?" तेव्हा मी लेखमालाच काढली: 'मी कोण?' दर आठवड्याला मी वेगळा माणूस होणार होतो. एक आठवडा चर्चमध्ये, एक मशिदीत, एक शेजारच्या सुखदेवभाऊंबरोबर बुद्धविहारात. तिन्हीकडे मला प्रेमानं बसवलं, पोटभर खाऊ घातलं. आणि मी घरी येऊन लिहिलं, की चर्चच्या प्रवचनात झोप लागते आणि स्वप्नसुद्धा पुरं होतं. मशिदीच्या कब्रस्तान-कमिटीत माणसं सात आणि मतं नऊ. सुखदेवभाऊ ध्यानाला बसले की घोरतात. अंक हातोहात खपले!

बाबांनी चष्मा पुसून तिन्ही लेख वाचले. म्हणाले, "एक आठवडा माझ्याकडेही ये की, यहुदी होऊन. मी गेल्यावर कद्दिश तुलाच म्हणायचंय."

कद्दिश म्हणजे मुलानं बापाच्या मातीवर म्हणायची प्रार्थना.

"बाबा, त्यात बातमी काय?" मी म्हणालो.

हे वाक्य अजूनही जेवताना आठवतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे बाबा गेले. आमच्यात जाळत नाहीत, आणि माती शक्यतो त्याच दिवशी करायची. अलिबाग दोन दिवसांच्या वाटेवर, बाहेर उन्हानं रस्त्याचं डांबर वितळलेलं. बाबांना बर्फाच्या लादीवर ठेवून मी सायकल काढली आणि जागा मागायला चर्चमध्ये गेलो.

"जागा हाये," पाद्रीसाहेब म्हणाले. "पण कमिटीले विचारा लागन. कमिटी बुधवारी बसते."

"बाबा बुधवारपर्यंत थांबायचे नाहीत हो!"

"मंग तवर तुमी थोडं झोपून घ्या. आमच्या इथं झोप चांगली लागते ना!"

तिथून कब्रस्तानात गेलो. तिथल्या कमिटीवरच्या चाचांनी पाणी दिलं, माझे डोळेही पुसले. "भाई, मैं तो अभी दे दूं. पर तुम हर हफ्ते बदलते हो. लोग पूछेंगे ना, मय्यत किस हफ्ते की है?"

दुपारी घरी परतलो तर सुखदेवभाऊ बाबांच्या उशाशी वारा घालत बसलेले.

"कुटं फिरून राहिला बे? साहेब एकटेच घरी. चाल, ट्रॅक्टर आणला हाये. करडी गावाले माझ्या धानाच्या बांधीत मोहाच्या झाडाखाली जागा हाये."

"भाऊ, मी तुमच्याबद्दल ते घोरण्याचं..."

"वाचलं मी. रागच हाये मले. पण राग उद्याही करता येते, साहेब उद्यापरेंत राहत नाही. किती माणसं लागते तुमच्यात?"

"दहा. पण यहुदीच लागतात."

"मंग होतो आमी दोन घंटे यहुदी! तू नाही का आठ-आठ दिवस कोनी बी होत होता?"

बांधीत पोचलो तर खड्डा तयार. पाद्रीसाहेब फावडं घेऊन उभे होते, चाचांनी नवा बर्फ आणला होता. भाऊंनी दोघांनाही निरोप धाडला होता; माझ्यावरचा राग त्यांनीही उद्यावर ठेवला होता. सुखदेवभाऊंचे सहा गडी धरून नऊ जण झाले, दहावा मी. भाऊंनी सांगितलं तसे सगळ्यांनी खांद्यावरचे दुपट्टे डोक्यावर घेतले आणि भर उन्हात माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी कद्दिश सुरू केलं. दोन ओळी आल्या. तिसरी येईना. तिघांच्या प्रार्थना मी लेखांसाठी तोंडपाठ केल्या होत्या, आणि माझ्याच बापाची मला येत नव्हती!

"चूप काहून झाला?" सुखदेवभाऊ कुजबुजले.

"पुढचं येत नाही, भाऊ." मला रडू फुटलं.

"मंग जेवढं येते तेवढंच फिरून म्हन. साहेब सांभाळून घेतीन."

मी त्याच दोन ओळी पाच वेळा म्हटल्या. दर खेपेला पाद्रीसाहेबांनी 'आमेन' म्हटलं, चाचांनी 'आमीन' म्हटलं, आणि बाकीच्यांनी मान खाली घातली. एकाचाही दुपट्टा ढळला नाही.

बाबांना दहा यहुदी हवे होते. भरले साडेनऊ.